लाइट मीटर घेण्याआधी दहा पावलं चालून बघा

माझ्या टेबलाच्या खणात चार लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारी छोटी यंत्रं, पडून आहेत आणि बॅगेत एक. खणातल्यांपैकी एक आयता मिळाला, तीन मी भरपूर वाचून, चौकशा करून घेतले. तरी चारही माझ्या कामाचे निघाले नाहीत. त्यात मीटरांचा दोष काडीचाही नाही. घेताना मी दरवेळी एकच विचारत होते, की यातला सगळ्यात अचूक कोणता? खरं तर आधी स्वतःलाच विचारायला हवं होतं, की ज्याचा फोटो काढायचा आहे त्याच्यापर्यंत मला चालत जाता येतं का?

मी माणसांचे फोटो काढते. जुना ट्विन-लेन्स कॅमेरा, चौकोनी फ्रेम, एका रोलवर बारा फोटो, आणि कॅमेऱ्यात मीटर नावाची गोष्टच नाही. बहुतेक काम खिडकीच्या उजेडात, काही फ्लॅशवर. म्हणजे समोरचा माणूस माझ्यापासून फार तर दहा पावलांवर असतो. हे एवढं मला पहिल्या दिवशी नीट कळलं असतं तर खण रिकामा राहिला असता.

आधी एक गोष्ट सांगून मोकळी होते. तुमच्याकडे डिजिटल कॅमेरा असेल आणि फ्लॅश वापरत नसाल, तर हातातला मीटर घेऊ नका. फोटो काढा, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख) बघा, पुन्हा काढा. मीटर लागतो तो मीटर नसलेल्या किंवा मीटर बिघडलेल्या फिल्म कॅमेऱ्याला, लार्ज फॉरमॅटला (मोठ्या सुट्या फिल्मच्या कॅमेऱ्याला), स्टुडिओ फ्लॅशला, आणि चित्रीकरण करताना एका शॉटचा उजेड दुसऱ्या शॉटशी जुळवायचा असेल तेव्हा. यातलं काहीच तुम्हाला लागू होत नसेल आणि तरीही मीटर हवासाच वाटत असेल, तर मला ते समजतं. ती गोल तबकडी आणि ती सुई हातात घेतली की सोडवत नाही. पण तो वेगळा आजार आहे.

पडणारा उजेड आणि परतणारा उजेड

मीटर दोन तऱ्हेने मोजतो. एक, वस्तूवर आपटून परत येणारा उजेड. कॅमेऱ्यातले सगळे मीटर असेच मोजतात, फोनमधली अ‍ॅपही. याला रिफ्लेक्टेड रीडिंग म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड मोजणं, इन्सिडंट रीडिंग. त्यासाठी मीटरवर पिंगपाँगचा अर्धा चेंडू कापून बसवावा तसा पांढरा घुमट असतो.

फरक एका प्रसंगातून सांगते. काळा कोट घातलेला एक व्हायोलिनवादक, मागे काळा पडदा. मी रिफ्लेक्टेड मीटर त्याच्याकडे रोखला. उत्तर आलं, भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ ठेवलं तर शटर १/१५ सेकंद. नंतर त्याच्या नाकाजवळ जाऊन घुमट कॅमेऱ्याकडे केला. उत्तर आलं, एफ/२.८ ला १/६०. दोन स्टॉपचा फरक, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मीटर तोच, बॅटरी तीच, उजेड तोच.

रिफ्लेक्टेड मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे, साधारण अठरा टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं धरून तो गणित करतो. काळं कापड तीनचार टक्केच परत फेकतं. मग मीटरला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो काळ्याचं करडं करायला निघतो. पांढऱ्या भिंतीपाशी उलटं. पांढरा कागद नव्वद टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, म्हणून मीटर घाबरून सव्वादोन स्टॉप कमी देतो आणि पांढऱ्याचंही करडं होतं. घुमटाला यातलं काही भेडसावत नाही. कोट काळा असो की पांढरा, त्याच्यावर पडणारा उजेड तेवढाच.

म्हणून दहा पावलं. चालत जाऊन विषयाच्या जागी मीटर धरता येत असेल, तर घुमटवालाच घ्या, पुढचं सगळं सोपं होतं. धरायचा कसा, तर चेहऱ्यासमोर, घुमट भिंगाकडे, आणि आपण स्वतः बाजूला. पांढरा शर्ट घालून घुमटाला खेटून उभं राहिलात तर तुमचा शर्टही रीडिंगमध्ये येतो. हाताची सावली पडू देऊ नका. निगेटिव्ह फिल्म असेल आणि सावल्यांत तपशील हवा असेल, तर मात्र मुद्दाम तळहाताची सावली घुमटावर पाडून रीडिंग घ्या. निगेटिव्हला थोडं जास्त दिलेलं पचतं, कमी दिलेलं पचत नाही. ट्रान्सपरन्सी (स्लाइड) फिल्मवर ही युक्ती करू नका, तिथे नेमकं उलटं असतं.

चालत जाता येत नसेल तर? समोर डोंगर असेल आणि त्याच्यावर नि तुमच्यावर एकच ऊन पडत असेल, तर तुम्ही जिथे उभे आहात तिथेच घुमट धरला तरी चालतो. ऊन डोंगरावर वेगळं आणि तुमच्यावर वेगळं पडत नाही. पण ढगाची सावली त्याच्यावर असेल आणि ऊन तुमच्यावर, किंवा रंगमंचावर झोत असेल आणि तुम्ही अंधारात बसला असाल, तर घुमट निरुपयोगी. तिथे स्पॉट मीटर लागतो.

स्पॉट मीटरची हौस

माझ्या खणातला सगळ्यात देखणा मीटर हाच. डोळ्याला लावायचा, आत एक छोटं वर्तुळ दिसतं, ते वर्तुळ जिथे ठेवाल तिथलंच मोजतो. चांगल्या स्पॉट मीटरचा कोन एक अंश असतो. म्हणजे दहा मीटरवर साधारण साडेसतरा सेंटिमीटर, एखाद्याच्या चेहऱ्याएवढं. तुलनेसाठी बघा, चाळीस अंशांचा साधा रिफ्लेक्टेड मीटर त्याच अंतरावर सव्वासात मीटर रुंद पट्टा मोजतो. त्यात माणूस, झाड, आकाश, भिंत, सगळं आलं.

पेंटॅक्सचा डिजिटल स्पॉटमीटर हा या जातीतला नावाजलेला. आत फक्त एक आकडा दिसतो, ईव्हीचा (उजेडाचं एक माप, पुढे सांगते), आणि बाकी सगळं भिंगाभोवतीच्या कड्या फिरवून काढायचं. लँडस्केपवाल्यांचा तो लाडका आहे आणि त्याला कारण आहे. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी झोन पद्धत बांधली, ती स्पॉट मीटरशी अगदी जमते. ज्या सावलीत तपशील हवा ती सावली मोजायची. मीटर तिला मधलं करडं करायला बघेल. तुम्ही त्याने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे, की सावली सावलीसारखी राहते आणि तपशीलही दिसतो. मग सगळ्यात उजळ भाग मोजायचा आणि तो किती स्टॉप वर जातो ते बघून डेव्हलपिंगची वेळ ठरवायची.

वाचायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंना खिडकीशी बसवलं आणि मी गाल मोजला, दुसरा गाल मोजला, केस मोजले, शाल मोजली, खिडकीची चौकट मोजली. सात आकडे झाले. त्यांची सरासरी काढावी की नाही या विचारात असताना खिडकीतलं ऊन सरकलं आणि बाईंनी विचारलं, "झालं का गं?" काहीच झालं नव्हतं.

स्पॉट मीटर प्रश्नाचं उत्तर देत नाही, तुम्हालाच प्रश्न विचारतो. मी मोजतोय ती वस्तू किती उजळ दिसायला हवी, हे सांगा, म्हणतो. ते सांगता येत नसेल तर त्याचा एक अंश कितीही अचूक असून उपयोग नाही. माझ्या कामात समोर माणूस अवघडून बसलेला असतो. डोंगर वाट बघतो, माणूस नाही. तुमचं काम डोंगराचं, रंगमंचाचं किंवा दूरच्या इमारतींचं असेल तर मात्र बेलाशक स्पॉट घ्या, आणि पहिले दोन महिने नुसतं अंदाज करा नि मोजा, फोटो नका काढू.

दोन्ही एकात असलेले मीटरही आहेत. सेकोनिकचे एल-७५८ आणि एल-८५८ यांत घुमटही आहे आणि एक अंशाचा स्पॉटही. कामं सगळ्या प्रकारची करत असाल तर योग्य. पण ते आकाराने मोठे असतात, आणि माझा अनुभव असा की जो मीटर खिशात मावत नाही तो हळूहळू घरी राहायला लागतो.

आत काय आहे

जुन्या मीटरच्या बाजारात शिरणार असाल तर पोटात कोणता सेल आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन जाती आहेत.

सेलेनियम सगळ्यात जुना. वेस्टनने १९३२ साली आपला पहिला फोटोइलेक्ट्रिक एक्स्पोजर मीटर आणला, तेव्हापासूनची ही जात. समोर मधाच्या पोळ्यासारखी काच दिसली की समजा सेलेनियम. बॅटरी लागत नाही, उजेड पडला की सेल स्वतःच वीज तयार करतो आणि सुई हलते. ऐकायला स्वप्नवत. पण सेल म्हातारा होतो, दमटपणाने खराब होतो, आणि मंद उजेडात त्याच्यात सुई हलवण्याइतकं बळच नसतं.

मला आयता मिळालेला मीटर याच जातीचा, मामाचा. चामड्याच्या डबीत, नव्यासारखा. बाहेर उन्हात तो बरोबर चालायचा, त्यामुळे मी त्याच्यावर विश्वास टाकला. घरात खिडकीपाशी तो दीड स्टॉप चुकत होता हे मला तीन रोल गेल्यावर कळलं. सेलेनियम मरतो तो असा. एकदम बंद पडत नाही, एका टोकाला खोटं बोलायला लागतो. मामाला सांगितलं तर म्हणाला, "अगं, मी तो कधी घरात वापरलाच नाही."

जुने वेस्टन हाती आले तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांच्या तबकडीवर फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे, ते वेस्टनच्या स्वतःच्या मापात असतं. वेस्टन ८० म्हणजे आजचं आयएसओ १००. फरक एक तृतीयांश स्टॉपचा, पण माहीत असावा.

दुसरी जात कॅडमियम सल्फाइडची, सगळे सीडीएस म्हणतात. याला बॅटरी लागते, पण मंद उजेडात हा सेलेनियमपेक्षा कितीतरी पुढे. याची खोड अशी की त्याला स्मरण असतं. भर उन्हातून थेट खोलीत आणलात तर काही वेळ तो चुकीचं सांगतो. थोडं थांबायचं, मग मोजायचं. आणि मोठी अडचण बॅटरीची. या काळातले बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले आहेत. गॉसेनचा प्रसिद्ध लुनासिक्स ३ अशा दोन बॅटऱ्यांवर चालतो. पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याच आकाराची अल्कलाइन बसते, पण ती दीड व्होल्टपासून सुरू होते आणि वापरता वापरता उतरत जाते. पाऱ्याची बॅटरी मरेपर्यंत एकाच पातळीवर राहायची, आणि त्या जुन्या मीटरांची गणितं तिच्या याच एकनिष्ठेवर उभी होती. व्होल्ट जास्त मिळाले की सुई जास्त वर जाते, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि निगेटिव्ह पातळ येते. उपाय आहेत. कानाच्या यंत्रात वापरतात ती झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, चालते, पण तिच्यावरचं स्टिकर एकदा काढलं की काही आठवड्यांत संपते. दुसरा उपाय म्हणजे व्होल्टेज उतरवणारं अडॅप्टर आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी. मीटर घेतानाच हा खटाटोप किमतीत धरा.

तिसरी जात सिलिकॉन. झटपट, स्मरण नाही, कमी उजेडातही बरा, फ्लॅशही मोजू शकतो. आज नवीन मिळणारे जवळजवळ सगळे याच जातीचे. पहिलाच मीटर घेत असाल आणि जुन्या वस्तूंचा शौक नसेल, तर सिलिकॉन घ्या आणि वरच्या दोन जाती विसरून जा.

जुनं रूप आणि नवं पोट असाही एक आहे. सेकोनिकचा स्टुडिओ डिलक्स, एल-३९८. सुई, गोल तबकडी, फिरणारं डोकं. त्याच्या एल-३९८ए या आवृत्तीत सेलेनियमच्या जागी अमॉर्फस सिलिकॉन आहे आणि बॅटरी तरीही लागत नाही. सिनेमावाले कितीतरी वर्षं हा गळ्यात घालून फिरले. त्याचा पल्ला मात्र ईव्ही ४ ते १७.

पल्ला म्हणजे काय, आणि तुम्हाला किती हवा

ईव्ही हा शब्द बघून घाबरू नका. एफ/१ ला एक सेकंद म्हणजे ईव्ही शून्य. उजेड दुप्पट झाला की आकडा एकाने वाढतो. आयएसओ १०० ला कडक ऊन म्हणजे ईव्ही १५, एफ/१६ ला १/१२५. रात्री दिवे लावलेली घरातली खोली पाचसहाच्या आसपास येते. मेणबत्त्यांचा उजेड त्याच्याही खाली.

आता तुमचे फोटो कुठे काढले जातात ते आठवा. दिवसा बाहेरच काढत असाल तर कोणताही धडका मीटर पुरतो. माझ्यासारखं संध्याकाळी खिडकीपाशी काढत असाल, तर ईव्ही ४ ला थांबणारा मीटर तुम्हाला नेमक्या हव्या त्या वेळी हात वर करतो. सेकोनिकचा छोटा एल-३०८ आयएसओ १०० ला ईव्ही शून्यापर्यंत उतरतो. ते चार आकडे म्हणजे सोळापट अंधार. पल्ल्याचा आकडा वाचताना तो कोणत्या आयएसओचा आहे तेही बघा, नाहीतर दोन मीटरांची तुलना फसते.

फ्लॅश असेल तर

इथे वाद नाही. साधा मीटर फ्लॅश मोजू शकत नाही, कारण तो सततच्या उजेडासाठी बनलेला असतो आणि फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो. फ्लॅश मीटरच हवा. त्यात वायरशिवाय वाट बघणारा मोड असतोच. बटण दाबायचं, कोणीतरी फ्लॅश उडवायचा, आकडा येतो. एकट्याने काम करत असाल तर मीटर एका हातात, फ्लॅशचा रिमोट दुसऱ्या हातात, एवढी कसरत जमते.

फ्लॅश मोजताना शटरचा वेग तुम्ही द्यायचा, कॅमेऱ्याच्या सिंकच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या सगळ्यात जलद वेगाच्या) आत, आणि मीटर अ‍ॅपर्चर सांगतो. महागडे मीटर त्यात फ्लॅश किती टक्के आणि खोलीतला उजेड किती टक्के हेही दाखवतात. एल-३०८ दाखवत नाही. मला त्याची गरज पडली ती फक्त फ्लॅश आणि खिडकी एकत्र वापरताना, आणि तेव्हा मी दोन वेळा मोजून भागवते.

घुमट आत ओढता येतो किंवा सपाट चकती लावता येते का, हे दोन दिवे वापरणाऱ्यांनी नक्की बघावं. उघडा घुमट सगळीकडचा उजेड गोळा करतो. सपाट केला की ज्या दिव्याकडे रोखाल त्याचाच मोजतो. मुख्य दिवा एफ/८, सावल्या उजळणारा भरणाचा दिवा एफ/४, म्हणजे दोन स्टॉपचा फरक, चेहऱ्याची एक बाजू ठळक काळसर. हे डोळ्याने कळत नाही, सपाट चकतीने कळतं. चित्रं किंवा कागदपत्रं यांचे फोटो काढणाऱ्यांनाही तीच हवी. चारही कोपरे आणि मध्य मोजायचा, पाचही आकडे एक आले पाहिजेत.

डिजिटल मीटरची एक मौज सांगते. पडद्यावर ५.६ आणि शेजारी बारीक ४ असं दिसतं. मी कितीतरी दिवस ते ५.६४ वाचत होते आणि म्हणत होते, एवढ्या बारकाव्याचं करायचं काय? ते ५.६ च्या पुढे स्टॉपचा चार दशांश असतं, म्हणजे ५.६ आणि ८ यांच्या जवळजवळ मध्ये. माहितीपत्रक वाचायचं असतं, हे मला पस्तिशीत कळलं.

फोन, आणि कॅमेऱ्यावर बसणारे छोटे मीटर

फोनचं अ‍ॅप वाईट नाही. मागच्या कॅमेऱ्याने रिफ्लेक्टेड मोजतं, दिवसा ठीकठाक सांगतं. नवख्यांना मी म्हणते, आधी दोनचार रोल फोनवर काढा, मग तुम्हालाच कळेल की तुमचं कुठे अडतंय. पण अ‍ॅपमधला इन्सिडंट मोड टाळा. फोनच्या वरच्या कडेचा सेन्सर पडद्याची चमक कमीजास्त करायला दिलेला असतो. तो सपाट, काचेमागे दडलेला, आणि बाजूचा उजेड त्याला धड दिसत नाही.

कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) बसणारे चिमुकले मीटर, उदाहरणार्थ फोइग्टलेंडरचा व्हीसी मीटर, रस्त्यावर फिरून फोटो काढणाऱ्यांसाठी झकास. हात मोकळे राहतात. ते रिफ्लेक्टेडच मोजतात, तेव्हा आकाश आत आलं की फसतात. कॅमेरा किंचित खाली, जमिनीकडे झुकवून मोजा, मग वर करून फोटो काढा.

जुना मीटर हातात घेतल्यावर

विकणारा सांगेल, "चालतो." सुई हलते, एवढाच त्याचा अर्थ. मी हे करून बघते.

बॅटरीचं झाकण उघडते. आत हिरवट-पांढरी पूड असेल तर परत ठेवते. घुमट पिवळा पडलाय का, चिरलाय का, मुळात तोच आहे का, हे बघते. एल-३९८ असेल तर त्याची सपाट चकती आणि भर उन्हासाठी आत सरकवायची जाळीदार पट्टी सोबत आहे का विचारते. ती पट्टी नसली तर उन्हात सुई टोकाला जाऊन चिकटते आणि माणूस मीटर बिघडला म्हणून बसतो. सुईचा मीटर असेल तर सेल झाकून सुई शून्यावर येते का बघायचं. येत नसेल तर मागे शून्य जुळवायचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून येते का ते बघायचं. मीटर उभा, आडवा, उलटा करायचा. मध्येच सुई अडकली तर नको.

खरी परीक्षा घरी. रात्री मोठ्या खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच उघडा बल्ब ठेवा, भिंतींपासून शक्य तितका लांब. बल्बपासून एक मीटरवर घुमट बल्बकडे करून मोजा. मग दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे बरोबर दोन स्टॉप उतरले पाहिजेत. १.४ मीटरवर एक स्टॉप, २.८ वर तीन. भिंतीवरून परतणाऱ्या उजेडामुळे थोडं इकडेतिकडे होईल, तेवढं माफ. पण दोन मीटरवर एकच स्टॉप उतरला तर मीटरची चढण वाकडी आहे. मामाचा मीटर मी असा तपासला असता तर ते तीन रोल वाचले असते. या परीक्षेला दुसरा मीटर लागत नाही, म्हणून मला ती फार आवडते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आकाश स्वच्छ असताना, ऊन घुमटावर थेट पडेल असं धरा. आयएसओ १०० ला एफ/१६, १/१२५ यायला हवं. एक तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे चालेल.

मीटर सगळीकडे सारखाच चुकत असेल, समजा प्रत्येक वेळी अर्धा स्टॉप जास्त, तर तो चांगला मीटर आहे. आयएसओ तेवढा बदलून लावा आणि विसरून जा. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असेल तर तो शोभेला ठेवा. आणि दोन धडधाकट मीटरही एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. रिफ्लेक्टेड मोजणीत सेकोनिक एक स्थिरांक धरतं, १२.५, आणि मिनोल्टा, पेंटॅक्स दुसरा, १४. फरक एक षष्ठांश स्टॉपचा. दोन मीटर शेजारी ठेवून रात्री जागवू नका. मी जागवल्या आहेत.

माझ्या बॅगेत काय आहे

एल-३०८, सिलिकॉनचा. घुमट सरकवला की रिफ्लेक्टेड, परत आणला की इन्सिडंट. फ्लॅश मोजतो. शर्टाच्या खिशात मावतो. साधी पेन्सिल सेल लागते, एकच, जी कुठेही मिळते. हे शेवटचं मी फार महत्त्वाचं मानते. ज्या मीटरची बॅटरी शोधायला दुकानं पालथी घालावी लागतात तो मीटर आपण मनातून टाळायला लागतो.

त्याच्यात एक गोष्ट मला खटकते. एका वेळी एकच जोडी दाखवतो. तबकडीवाल्या मीटरवर एकदा सुई जुळवली की सगळ्या जोड्या डोळ्यासमोर असतात, एफ/४ ला १/२५०, एफ/५.६ ला १/१२५, एफ/८ ला १/६०, सगळी पंगत बसलेली. नव्याने शिकणाऱ्याने म्हणूनच तबकडीवर शिकावं असं माझं मत आहे. एल-२०८ हा छोटा, सुई जुळवायचा मीटर त्यासाठी छान आहे. शिकून झालं की मग आकडेवाला.

मीटर कोणताही घ्या, तो भिंगातून बघत नाही हे लक्षात ठेवा. पिवळा फिल्टर लावलात तर एक स्टॉप तुम्ही द्यायचा, गडद लाल २५ नंबरचा लावलात तर तीन. लार्ज फॉरमॅटवर १५० मिलिमीटरचं भिंग जवळच्या वस्तूसाठी ३०० मिलिमीटरपर्यंत बाहेर ओढलंत तर दोन स्टॉप. चित्रीकरणाला मीटर घेत असाल तर त्यात सेकंदाला २४ फ्रेमची सोय आहे का बघा, नसेल तर १८० अंशांच्या शटरला १/४८ धरून तुम्हीच मोजा.

आणि मीटर आला की पहिला रोल त्याच्यावर खर्च करा. काळा कोट घातलेलं कोणीतरी खिडकीशी बसवा. घुमटाने मोजा, सांगितलं तसा एक फोटो, मग एक स्टॉप जास्त देऊन एक, एक स्टॉप कमी देऊन एक. प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहा. पुन्हा तेच दारात, पुन्हा तेच उन्हात. निगेटिव्ह धुऊन आल्या की कोटाच्या घड्या बघा. मीटरने सांगितलेल्या फोटोत त्या दिसत नसतील आणि जास्त दिलेल्यात दिसत असतील, तर आयएसओ खाली आणा. मी हे केलं तेव्हा माझ्या फिल्मला आणि माझ्या डेव्हलपरला मिळून दोन तृतीयांश स्टॉप कमी पडत होता. मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर लिहिलंय, "४०० ला २५० लाव."